इंजेक्शनची तारीख आणि पुरुषपणाची लाज

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आपण नेहमी बेणे, खते आणि खोडव्याची निगा यांवर लिहितो. यावेळी संपादक मंडळाची परवानगी घेऊन मी एका निराळ्या विषयाला हात घालीत आहे. हा विषय पारावर कुणी काढीत नाही, घरात काढीत नाही, आणि डॉक्टरांपुढेही तो निम्माच निघतो. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग अंगात पसरल्यावर पुरुषाला हार्मोन दाबणारी जी इंजेक्शने देतात, त्यांविषयी मला बोलावयाचे आहे. मी डॉक्टर नव्हे, कृषी पदविका घेतलेला माणूस आहे. कोणते औषध घ्यावे हे मी सांगणार नाही; ते ज्याचे त्याने मूत्रविकाराच्या किंवा कर्करोगाच्या तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. पण सुरू केलेला उपचार आपली माणसे मध्येच का सोडतात, हे गटागटाने फिरताना मला दिसले आहे आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. हा उपचार बरे वाटेपर्यंत घ्यावयाचा नसून शेवटपर्यंत निभवावयाचा असतो. सबब जो आपल्याला निभवता येईल तोच उपचार डॉक्टरांशी बोलून निवडावा, आणि त्या निवडीत लाज आडवी येऊ देऊ नये.

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. ती पुरुषांनाच असते. उतारवयात ती बहुतेकांची वाढते, धार बारीक होते, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे हे आधी ध्यानात घ्यावे, नाहीतर हा लेख वाचून अर्धा तालुका घाबरायचा. परंतु काहींच्या ग्रंथीत कर्करोग निघतो, आणि आपल्याकडे तो पुष्कळदा हाडांत, विशेषतः कमरेच्या व पाठीच्या मणक्यांत उतरल्यावरच उघडकीस येतो. कारण पाठ दुखली की आपण म्हणतो, मोळ्या उचलल्या, रात्रभर दारं धरली, मग दुखणारच की. तेल चोळले, हाडवैद्याकडून मणके रगडून घेतले, यात सहा महिने जातात. (मणक्यात रोग असताना रगडून घेणे किती घातक, यावर खरे म्हणजे वेगळाच लेख व्हावा.)

अशा पसरलेल्या रोगावर हार्मोनचा उपचार कसा लागू पडतो, हे उसाच्या भाषेत सांगितले तर लवकर उमजेल. उसाचा शेंडा शाबूत असतो तोवर बगलेचे डोळे गप्प असतात. शेंडे किडीने शेंडा मेला, किंवा उसाला तुरा आला, की तेच डोळे फुटून पांगशा निघतात. असे का होते? तर शेंड्यात एक संजीवक तयार होते, ते खाली उतरते आणि डोळ्यांना दाबून धरते. शेंडा गेला, संजीवक थांबले, डोळे सुटले. म्हणजे एका जागी तयार झालेला थोडासा रस दूरच्या दुसऱ्या भागाची वाढ ठरवतो. माणसाच्या अंगातही असेच रस असतात, त्यांना संप्रेरके किंवा हार्मोन म्हणतात. पुरुषाच्या अंडकोषात टेस्टोस्टेरॉन नावाचे हार्मोन तयार होते. दाढी-मिशा, भारदस्त आवाज, स्नायूंची ताकद, कामेच्छा ही त्याची कामे. प्रोस्टेट ग्रंथीही त्याच्यावरच पोसते, आणि तिच्यात उपजलेला कर्करोग हाडांत जाऊन बसला तरी बहुधा त्याच खाद्यावर जगत असतो. खाद्य तोडले की तो आकसतो.

हे प्रथम सिद्ध करून दाखविले शिकागोचे डॉक्टर चार्ल्स हगिन्स आणि त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी, १९४१ साली. आपल्याकडे मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेही याच वर्षी. हगिन्स यांनी आधी कुत्र्यांच्या प्रोस्टेटवर अभ्यास केला होता. मग रोग हाडांत गेलेल्या माणसांचे अंडकोष शस्त्रक्रियेने काढले, किंवा त्यांना स्त्री-हार्मोन दिले. तेव्हा रक्तातील रोगाची खूण खाली आली आणि वेदना कमी झाल्या. या कामासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९७१ साली अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांच्या प्रयोगशाळांनी अंडकोषाला हुकूम सोडणाऱ्या मेंदूतील हार्मोनची घडण शोधून काढली. त्यासाठी हजारो डुकरांचे आणि मेंढ्यांचे मेंदू लागले. नोबेल त्यांनाही मिळाले, १९७७ साली. त्या हार्मोनची नक्कल करून जी औषधे झाली तीच ही इंजेक्शने: ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन. अमेरिकेत ल्युप्रोलाइडला १९८५ मध्ये परवानगी मिळाली.

आता कुणी विचारील, हुकूम देणाऱ्या हार्मोनची नक्कल टोचली तर टेस्टोस्टेरॉन वाढायला हवे, ते कमी कसे होते? शंका रास्त आहे. त्यासाठी आपल्या कारखान्याचा भोंगा आठवा. पाळीच्या वेळी भोंगा होतो आणि माणसे कामावर येतात. तोच भोंगा रात्रंदिवस न थांबता वाजत ठेवला तर काय होईल? पहिल्या एक-दोन दिवशी सगळे धावत येतील आणि तिसऱ्या दिवसापासून त्याकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही. मेंदूचा हुकूम मूळचा थांबून थांबून येतो. इंजेक्शन तो सलग वाजवीत ठेवते, म्हणून पहिला आठवडा-दीड आठवडा टेस्टोस्टेरॉन उलट चढते आणि तीन-चार आठवड्यांत पार खाली बसते. सुरुवातीच्या चढाने हाडे जास्त दुखू शकतात, लघवी अडू शकते, मणक्यात रोग असला तर पायांवरही येऊ शकते. ते टाळण्यासाठी डॉक्टर आधीपासून बायकॅलुटामाइडसारख्या गोळ्या देतात. "इंजेक्शन दिले आहे ना, मग या गोळ्या कशाला?" असे म्हणून त्या टाकून देऊ नयेत. डेगारेलिक्स नावाचे दुसऱ्या जातीचे इंजेक्शन आहे, त्यात हा चढ येत नाही. पण ते दर महिन्याला घ्यावे लागते.

येथवर झाली माहिती. आता मूळ मुद्द्यावर येतो.

हा उपचार रोगाचे मूळ उपटून टाकीत नाही. लव्हाळा आपण वरून कितीही खुरपला तरी जमिनीत गाठ असतेच, तसा हा प्रकार आहे. खाद्य तोडलेले आहे तोवर रोग दबून राहतो. खाद्य पुन्हा सुरू झाले की तो पुन्हा डोके काढतो. आणि गंमत अशी की औषध जितके चांगले लागू पडते, तितका ते सोडण्याचा मोह जास्त. एका सभासदांचे उदाहरण देतो, नाव-गाव सांगत नाही. वय सत्तरीच्या आत. कंबर धरली, चालवेना म्हणून मुलांनी जीपमध्ये घालून शहरात नेले. रक्तातली पीएसए नावाची तपासणी शेकड्यांत निघाली. दर तीन महिन्यांचे इंजेक्शन सुरू झाले. दोन महिन्यांत गडी स्वतः सायकल हाणीत बांधावर! तिसऱ्या इंजेक्शनपर्यंत पीएसए एकाच्या खाली आले. घरच्यांनी कागद वाचला, म्हणाले आजार गेला. चौथी तारीख आली तेव्हा शेतात तोडणीची टोळी उतरली होती, गाड्या भरायच्या होत्या. तारीख गेली. मग खोडव्याची कामे निघाली, मग धाकट्याचे लग्न. त्यानंतर कुणी तारीख काढलीच नाही. आठ-नऊ महिन्यांनी एका सकाळी त्यांना अंथरुणातून उठता येईना. उपचार पुन्हा सुरू झाले, पाठीला विजेचे शेकही दिले, पण पाय पूर्वीसारखे झाले नाहीत. पीएसए खाली आले याचा अर्थ रोग दबला, गेला नव्हे, हे त्या घराला कुणी समजेल अशा बोलीत सांगितलेच नव्हते. मला त्याचे फार वाईट वाटते.

यावर एक सुशिक्षित सभासद मला म्हणाले, "साहेब, काही डॉक्टर स्वतःच मध्ये इंजेक्शन थांबवतात, ते कसे?" खरे आहे. पण ते पीएसए मोजीत, ठरलेल्या आकड्यापर्यंत चढले की पुन्हा सुरू करावयाचे असे ठरवून थांबवतात. रोग दूर पसरलेल्या १,५३५ रुग्णांवर याची मोठी तुलना झाली, तिचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. सलग घेणाऱ्यांत निम्मे रुग्ण ५.८ वर्षांपेक्षा जास्त जगले, थांबून थांबून घेणाऱ्यांत ५.१ वर्षांपेक्षा. थांबून घेतल्याने तितकेच साधते असे त्यात सिद्ध होऊ शकले नाही. मात्र सुरुवातीचे काही महिने त्या लोकांचे मन आणि संसारसुख थोडे बरे राहिले. म्हणजे त्यातही देवाणघेवाण आहे, आणि ती डॉक्टरांसमोर बसून करावयाची आहे. तोडणीची टोळी आली म्हणून तारीख हुकणे हा उपचाराचा प्रकार नव्हे.

तारखेबद्दल आणखी एक. काही इंजेक्शने २८ दिवसांची असतात, काही १२ आठवड्यांची. २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. "पाच तारखेला घेतले, पुढच्या पाचला जाऊ" असे धरले तर दरवेळी दोन-तीन दिवस मागे पडतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जिथे दुधाचा हिशेब लिहितो तिथेच पुढची तारीख लिहून ठेवावी, आणि ती घरच्या बाईमाणसाला ठाऊक असावी. तिच्या ध्यानातून सहसा काही सुटत नाही.

आता लाजेचा भाग. इंजेक्शन महाग आहे आणि ते आयुष्यभर आहे. त्याच जागी दुसरा मार्ग हगिन्स यांच्यापासून चालत आलेला आहे, तो म्हणजे एका लहान शस्त्रक्रियेने अंडकोष, किंवा त्यांतील हार्मोन करणारा गर, काढून टाकणे. टेस्टोस्टेरॉन एका दिवसात खाली येते, सुरुवातीचा चढ नाही, तारीख सांभाळणे नाही, पुन्हा पुन्हा खर्च नाही. केवळ गर काढला तर वरून जागा रिकामीही दिसत नाही. टेस्टोस्टेरॉन खाली आणण्याच्या कामी हा मार्ग इंजेक्शनपेक्षा रतीभरही उणा नाही. तरीही आपली माणसे त्याचे नाव काढले की उठून जातात. एका वयस्कर सभासदांनी मला बांधावरच विचारले, "साहेब, आता या वयात माणसाचा बैल करायचा व्हय?" मी म्हटले, "आबा, इंजेक्शनाने तरी दुसरे काय होते? ते औषधाने करते, हे चाकूने. आतला परिणाम एकच." आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तर मला कुणी सांगितलंच न्हाई."

हेच माझे म्हणणे आहे. डॉक्टर सांगत नाहीत असे नाही. पण मुले मध्ये पडतात, "बाबांना हे बोलू नका, खचतील" म्हणतात, आणि ऐपत नसताना इंजेक्शन सुरू करून येतात. तीन घेतात, चौथ्याला पैसे नसतात. ज्याच्या अंगाचा प्रश्न त्यालाच विचारले जात नाही. ज्याने सारी उमर कर्जाचे, पाण्याचे, जमिनीचे निर्णय केले, त्याला या एका बाबतीत लहान मूल का समजायचे? शस्त्रक्रिया केली की ती परत फिरवता येत नाही, हे खरे, आणि त्या कारणाने कुणी इंजेक्शन निवडले तर त्यात गैर काहीच नाही. कित्येकांच्या मनाला ते सोसते, हे सोसत नाही. पण दोन्ही पर्याय आधी त्याच्यापुढे ठेवले पाहिजेत, आणि शक्य तर त्याची बायको शेजारी बसलेली असताना. चहाच्या टपरीवर यावरून जे विनोद चालतात ते मी ऐकलेले आहेत. बैलाच्या जिवावर आपल्या बापजाद्यांनी शेती केली, आजही कित्येक फडांतला ऊस बैलगाडीतून गव्हाणीपर्यंत येतो. तरी आपल्याला बैल ही शिवीच वाटते, याची मौज वाटते.

टेस्टोस्टेरॉन गेल्यावर जे होते ते लपवून उपयोग नाही. कामेच्छा जाते, संबंध बहुधा जमत नाही. एकाएकी अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो. थकवा येतो, स्नायू उतरतात, पोट सुटते, रक्तातील साखर चढते, हृदयाची काळजी घ्यावी लागते, आणि हाडे ठिसूळ होतात. काहींचे मन हळवे होते, लहानशा गोष्टीने डोळ्यांत पाणी येते. पत्नीने हे मनावर घेऊ नये, तो औषधाचा गुण आहे. यातल्या पुष्कळ गोष्टींवर इलाज आहेत. रोज चालणे आणि झेपेल तेवढे अंगमेहनतीचे काम सोडू नये. पण मणक्यात रोग असेल तर पोती उचलणे बंद, आणि काय करावे काय नाही हे डॉक्टरांना विचारून. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या औषधांबद्दलही त्यांनाच विचारावे. तंबाखू सोडावी हे मी दरवर्षी सांगतो, दरवर्षी कुणी ऐकत नाही. एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवावी: पायांत एकाएकी बळ कमी वाटले, मुंग्या आल्या, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

काळाने रोग शहाणा होतो, कमी खाद्यावर जगायला शिकतो, कधी स्वतःचे खाद्य स्वतः तयार करू लागतो. मूत्रपिंडावरील ग्रंथीही थोडा पुरवठा करीतच असतात. म्हणून आता डॉक्टर पुष्कळदा पहिल्यापासूनच इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेच्या जोडीला दुसरे औषध देतात. त्यांपैकी अबिरेटेरॉन ही गोळी हार्मोन तयार होण्याचा हा आडमार्गही बंद करते. रोग नव्यानेच सापडलेल्या, पण जोरात असलेल्या १,१९९ रुग्णांवर तिची चाचणी झाली. नुसत्या हार्मोन दाबण्याच्या उपचारावर निम्मे रुग्ण ३६.५ महिन्यांपेक्षा जास्त जगले, गोळी जोडल्यावर ५३.३ महिन्यांपेक्षा. सोळा-सतरा महिन्यांचा फरक पडला. त्यात एक आडसाली लागण तोडून होते. ही गोळी आता भारतातील अनेक कंपन्या करतात. तिच्यासोबत स्टेरॉइडची गोळी घ्यावी लागते, रक्तदाब व यकृताच्या तपासण्या असतात, आणि ती पोट रिकामे असताना घ्यावयाची की कशी, हे सांगितल्याप्रमाणेच पाळावयाचे. नवी गोळी सुरू झाली म्हणून इंजेक्शन बंद करावयाचे नसते, ही चूकही मी पाहिली आहे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि येथे मी थोडे स्पष्ट बोलणार आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जी रुग्णालये आहेत तेथे आरोग्यमित्र बसतात. शिधापत्रिका व आधार घेऊन त्यांना आधी भेटावे आणि आपल्या उपचारापैकी काय बसते, काय बसत नाही, हे विचारून घ्यावे. जे बसत नाही ते खिशातून. आणि शेतकऱ्याचा खिसा तारखेप्रमाणे भरत नाही. उसाचे पैसे हप्त्याने येतात (ते कधी यावेत यावर मी येथे बोलत नाही, ते वरिष्ठांचे काम), आणि इंजेक्शनची तारीख मात्र बिलाची वाट पाहत नाही.

आपला कारखाना सभासदांना बेण्यासाठी, खतासाठी, ठिबकासाठी उचल देतो व ती बिलातून कापून घेतो. ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे, त्यात कुणाला भीक वाटत नाही. माझी सूचना अशी की, तारखेवार चालणाऱ्या औषधोपचारासाठीही नोंदलेल्या उसावर अशीच उचल मिळावी. केवळ या आजारासाठी नव्हे. रक्तशुद्धीसाठी आठवड्याला डायलिसिसवर जाणारे सभासद आहेत, त्यांनाही. आक्षेप काय येणार ते मला माहीत आहे: औषधाच्या नावाने उचल घेऊन ती लग्नात जाईल. त्यावर उपाय सोपा आहे. रक्कम सभासदाच्या हाती न देता रुग्णालयाच्या किंवा औषध दुकानाच्या पावतीवर थेट भरावी, जशी खताची रक्कम आपण थेट दुकानाला भरतो. दुसरा आक्षेप, ज्याचा ऊस दुसरीकडे जाईल त्याची वसुली कशी? तोच आक्षेप खतालाही आहे, म्हणून आपण खत बंद केलेले नाही. हे माझे वैयक्तिक मत आहे, संचालक मंडळाचे नव्हे. परंतु ते मंडळापुढे लेखी ठेवण्यास माननीय कार्यकारी संचालकांनी मला हरकत घेतलेली नाही.

ज्या सभासदांना ही सूचना मान्य असेल त्यांनी वार्षिक सभेच्या सूचना स्वीकारण्याच्या मुदतीत आपापल्या गट कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. अर्जात आजाराचे नाव लिहू नये, घरात कोण आजारी आहे तेही लिहू नये. "औषधोपचार उचल" एवढेच शब्द, सभासद क्रमांक आणि सही पुरे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज शेतकी मदतनीस लिहून देतील, तशी सूचना मी त्यांना दिली आहे. आणि कुणाला याच विषयावर एकट्याने बोलावयाचे असेल तर मंगळवारी व शुक्रवारी दुपारनंतर मी शेतकी विभागात असतो. दार लावून घेऊ.